तास कमी झाले, काम तेवढंच राहिलं

"मॅडम, कामाचे तास कमी करून मागितले तर मला काढून टाकतील का?"

हा प्रश्न माझ्यासमोर बसून अनेकांनी विचारलाय. उपचार सुरू झालेले असतात, औषध लागू पडायला लागलेलं असतं, घरचेही थोडे सावरलेले असतात. तरी रविवारी रात्री झोप उडते, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. 'सांगितलं तर शिक्का बसेल, नाही सांगितलं तर कोसळेन' अशा कात्रीत माणूस महिनोन्‌महिने अडकलेला असतो. मेधाही तशीच अडकली होती. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेधा अडतीस वर्षांची. एका कंपनीत बिलं तपासण्याच्या विभागात अकरा वर्षं काम करत होती. नैराश्याने तिला दुसऱ्यांदा गाठलं होतं. सहा आठवड्यांची रजा संपवून ती परत रुजू झाली आणि दहाव्या दिवशी माझ्याकडे आली. बसल्याबसल्या तिने पर्समधून चार पानं काढली. वरिष्ठांना द्यायच्या पत्राचा तो मसुदा होता. त्यात लहानपणापासूनचं सगळं होतं, औषधांची नावं होती, घरातले वाद होते. 'मी सगळ्यांवर ओझं झाले आहे' हे वाक्य तीनदा आलं होतं. मागणी अगदी शेवटी, एका ओळीत: मला अर्धा दिवस काम द्यावं.

मी विचारलं, "अर्धाच दिवस का?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही. पूर्ण झेपत नाही, म्हणून अर्धा."

गाडी बहुतेकांची इथेच अडते. झेपत नाही हे खरं असतं, पण नेमकं काय झेपत नाही हे त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. मी तिला म्हटलं, पत्र दोन आठवडे माझ्याकडे राहू द्या आणि तोवर एक वही ठेवा. कोणत्या वेळी कोणतं काम केलं आणि शून्य ते दहामध्ये ते किती जड गेलं, एवढंच त्यात लिहायचं. मनात काय आलं, रडू आलं का, यातलं काही नको.

दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा मेधाच चकित झाली. सकाळी नऊची मीटिंग: नऊ. ग्राहकांचे तक्रारीचे फोन: आठ. साडेअकराला शांतपणे बिलं तपासणं: तीन. दुपारी दोनला तेच काम: चार. साडेचारनंतर मात्र आकडे चुकायला लागत, आणि त्या चुका निस्तरण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ जाई.

याची कारणं आजारात आणि उपचारात आहेत. नैराश्यात पुष्कळांना दिवसातला सर्वांत वाईट काळ सकाळचा असतो. त्यात रात्री घ्यायच्या काही औषधांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. एकाग्रता आणि तात्पुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता तर मूड सुधारल्यावरही बराच काळ मागे राहते. म्हणून मध्येच फोन वाजला की हातातल्या बिलाचा धागा तिला परत सापडत नसे. 'मी पहिल्यासारखी हुशार राहिले नाही' असा अर्थ ती त्यातून काढत होती. खरं तर काम तिला येत होतंच. दिवसाची रचना तिच्या आजाराशी जुळत नव्हती.

मग मागणी आपोआप बदलली. अर्धा दिवस नको. साडेदहा ते साडेचार, सहा तास, आठ आठवड्यांसाठी. दुपारी बारापर्यंत फोनची जबाबदारी नको. तोंडी सूचनांऐवजी दोन ओळींचा मेल. थेरपीसाठी आठवड्यातून एक दुपार मोकळी. यातल्या दोन गोष्टींना कंपनीला एक पैसाही लागणार नव्हता.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: "कशाला विचारत बसतेस? नोकरीच सोड." त्यामागे माया होती. पण आजार ऐन भरात असताना राजीनाम्यासारखा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 'आता काहीच सुधारणार नाही' असं वाटायला लावणं हा नैराश्याचा स्वभावच आहे. तसं वाटत असताना लिहिलेला राजीनामा कितपत आपला असतो?

आजाराचं नाव सांगायचं का, यावर आमची एक अख्खी भेट गेली. याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. वरिष्ठ समजूतदार असतील, तर सांगितल्याने ताण हलका होतो. पण एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवावं लागतं. मेधाने ठरवलं, मनुष्यबळ विभागाला 'मानसिक आरोग्याच्या आजारावर उपचार चालू आहेत' एवढं सांगायचं आणि साहेबांना फक्त कामातल्या अडचणी सांगायच्या. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं पत्रही तसंच होतं: कामावर येण्यास सक्षम, पुढील आठ आठवडे दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम नको, सकाळी साडेदहापूर्वी सुरुवात नको, चार आठवड्यांनी फेरतपासणी. 'विश्रांतीची गरज आहे' अशा मोघम चिठ्ठीपेक्षा हे फार उपयोगी पडतं. विश्रांती म्हणजे नेमकं काय, हे कंपनीला ठरवावं लागत नाही.

"पण मी मेहेरबानी मागतेय ना?" असं ती वारंवार म्हणायची. मी तिला सांगितलं, या मागणीला जगभर नाव आहे: वाजवी समायोजन. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात त्याची व्याख्या आहे आणि दीर्घकाळचे मानसिक आजारही त्या कराराच्या कक्षेत येतात. असं समायोजन नाकारणं हा भेदभावाचाच प्रकार आहे, असं तो करार म्हणतो. समायोजनाचा भार समोरच्यावर अवाजवी पडू नये, ही अटही त्यातच आहे. अमेरिकेत १९९० च्या, ब्रिटनमध्ये २०१० च्या, भारतात २०१६ च्या कायद्यात ही कल्पना आपापल्या रूपात आहे. कुणाला आणि कुठवर लागू, यात देशोदेशी बराच फरक आहे, त्यामुळे आपल्याकडचा नियम एखाद्या जाणकाराकडून समजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही अशा समायोजनाची शिफारस आहे. मेधाला हे मीटिंगमध्ये ऐकवायचं नव्हतं. पण खुर्चीत ताठ बसायला तिला त्याचा उपयोग झाला.

मग आम्ही तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्या फेरीत पाच मिनिटांत ती सात वेळा 'सॉरी' म्हणाली. मी मोजून सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या फेरीत एकदाच म्हणाली. दोन प्रश्न येणार याची मला खात्री होती: 'कधीपर्यंत?' आणि 'बाकीच्यांना काय सांगू?' पहिल्याचं उत्तर तयार होतं: आठ आठवडे, चौथ्या आठवड्याला एकत्र बसून आढावा. दुसऱ्याचं तिने स्वतः शोधलं: "तब्येतीमुळे काही दिवस वेळ बदलली आहे, एवढंच सांगा सर. पुढचं कुणी विचारलं तर मी बघते."

प्रत्यक्ष बैठक वीस मिनिटांत आटोपली. चार पानांच्या जागी अकरा ओळींचं पत्र होतं. साहेबांनी हेच दोन प्रश्न विचारले. मनुष्यबळ विभागाकडून मात्र अनपेक्षित प्रस्ताव आला: "तुम्ही पूर्ण वेळ घरूनच काम का करत नाही?" बऱ्याच जणांना ही लॉटरी वाटेल. मेधाने विचार करायला एक दिवस मागून घेतला, हे मला फार आवडलं. कारण नैराश्यात घरातून बाहेर पडण्याचं निमित्त गेलं की अंथरूण आणि लॅपटॉप यांत फरक उरत नाही. आवरणं, बाहेर पडणं, चार माणसांत बसणं हा तिच्या उपचाराचाच भाग होता. तिने आठवड्यातले दोन दिवस घरून मागितले आणि ते मिळाले.

पगार पाऊणपट झाला. रजा, विमा, बढतीची पात्रता यांवर काय परिणाम होईल, हे तिने लेखी विचारून घेतलं. ठरावीक तासांच्या खाली गेलं तर काही ठिकाणी विम्याचं संरक्षण जातं, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

इथवर सगळं छान. तिसऱ्या आठवड्यात मेधा आली ती थकलेली, पहिल्यापेक्षाही वाईट दिसत होती. साडेचारला कार्यालयातून निघत होती खरी, पण रात्री नऊ ते अकरा लॅपटॉप उघडून बसत होती. दिवसाला चाळीस बिलांचं तिचं लक्ष्य कुणी बदललंच नव्हतं. महिनाअखेरीचे हिशेब बंद करण्याचं कामही तिच्याकडेच होतं. तास सहाचे, पगार सहाचा, काम आठाचं.

ही चूक माझी होती. वेळ कमी करण्यावर आम्ही इतकं लक्ष दिलं की काम कुठे जाणार, हे मी विचारलंच नाही. तेव्हापासून मी तासांबद्दल बोलण्याआधी कामाबद्दल बोलते. काम न हलवता तास कमी करणं ही निव्वळ पगारकपात असते, आणि माणसाला वाटतं की सवलत मिळूनही मला जमत नाही.

दुसरी बोलणी पहिल्यापेक्षा अवघड होती. मागून मागून किती मागायचं, हा तिचा प्रश्न. आम्ही कागदावर तिच्या सगळ्या कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: माझ्याकडे राहील, दुसऱ्याकडे जाईल, थांबू शकेल. हीच यादी घेऊन ती साहेबांकडे गेली. लक्ष्य चाळीसवरून तीस झालं. जुन्या नोंदी लावण्याचं काम पुढे ढकललं. महिनाअखेरीचं काम एका सहकारी मुलीकडे गेलं, आणि त्याच बैठकीत मेधाने आणखी एक मागणी केली, जी मी सुचवलेली नव्हती: "सर, ती हे जास्तीचं करतेय, ते तिच्या वार्षिक मूल्यमापनात धरा." ओझं झाल्याची ती भावना, चार पानांत तीनदा लिहिलेली, त्या दिवसापासून सैल व्हायला लागली असं मला वाटतं. आपलं काम कुणावर पडतंय हे डोळे मिटून सोसण्यापेक्षा त्या व्यक्तीसाठी बोलणं तिला सोपं गेलं.

सहाव्या आठवड्यात दोन दिवस फार वाईट गेले. पण अशा दिवसांची सोय आम्ही आधीच करून ठेवली होती. फोनमध्ये एका ओळीचा संदेश तयार होता: 'आज तब्येत ठीक नाही, अमुक काम आज होईल, तमुक उद्यावर.' वाईट सकाळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ते बऱ्या दिवशी लिहून ठेवायचे. दोन्ही दिवस ती साडेअकराला का होईना, पोचली.

सगळ्यांचं असं होत नाही, हे सांगितलं नाही तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. गोदामात काम करणारा एक तरुण माझ्याकडे यायचा. घबराटीचे झटके येत, आणि पाळ्या दर आठवड्याला बदलल्यामुळे झोपेचं गणित पार बिघडलेलं. त्याने एकच ठरावीक पाळी मागितली, नकार आला. आम्ही नकाराची कारणं लेखी मागितली. मग 'चार आठवडे करून बघू, जमलं नाही तर पूर्ववत' असा प्रस्ताव दिला. आधी नाही म्हणणारे अशा प्रस्तावाला कधीकधी तयार होतात. तिथे झाले नाहीत. पुढे पाच महिन्यांनी त्याने दिवसपाळीची दुसरी नोकरी धरली. हातात ती आल्यावरच पहिली सोडली, झटका आलेल्या दिवशी नाही.

मेधाचे आठ आठवडे बाराचे झाले. त्यानंतर तिने सहाचे सात तास केले आणि फोनचं काम परत घेतलं, तेही दुपारनंतरचंच. सातचे आठ कधी करायचे, यावर आम्ही दोनदा बोललो. तिसऱ्या वेळी ती येताना हिशेब मांडूनच आली होती: एका तासाचा पगार एका बाजूला, दुसऱ्या बाजूला गेल्या चार महिन्यांच्या वहीतले आकडे. आठवा तास तिने परत घेतला नाही. त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. चार पानांचा मसुदा अजून माझ्या खणात आहे. तो परत हवा का, असं मी मध्यंतरी विचारलं, तर म्हणाली, "फाडून टाका मॅडम. पण वही मला लागेल."