जळालेली मोटर वर्गात न्या

प्रश्न : मी वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेड पास होऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. आठवड्यातून एक दिवस थिअरीच्या वर्गाला पाठवतात. तिथं तोच ओहमचा नियम, वही भरायची. फोरमन म्हणतो, ''फळ्यापुढं बसून कोण वायरमन झालाय?'' त्या दिवसाचं विद्यावेतन कापणार, असंही कानावर आलंय. वर्ग बुडवला तर काय बिघडेल?
– एक शिकाऊ उमेदवार, सोलापूर

उत्तर : आधी पैशाचं बोलू, ते सोपं आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 सालचा. वर्गात गेलेला वेळ पगारी कामाचाच धरायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापता येत नाहीत. पण नुसतं कानावर आलं म्हणून भांडायला जाऊ नकोस. कापलेले दिसले तर अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या कार्यालयात कागद घेऊन जा.

आता फोरमनचं. तुमच्या मागाला साधारण एक एचपीची थ्री-फेज मोटर असेल, म्हणजे तीन फेजच्या तीन तारांवर चालणारी. 415 व्होल्टवर, पूर्ण लोडला ती पावणेदोन ते दोन अँपिअर घेते. समज, पॅनेलमधला एक किटकॅट (फ्यूजची तार बसवायचा होल्डर) सैल झाला आणि एक फेज गेला. चालती मोटर लगेच थांबत नाही. तेवढंच काम ती उरलेल्या दोन फेजवर ओढते, आवाज जड होतो आणि त्या दोन तारांतला करंट 1.73 पट होतो. म्हणजे तीनाच्या वर. आता तुमच्या किटकॅटमध्ये कुणी कसली तार भरलीय ते मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून उघडून बघ. दहा अँपिअरची असली तरी तीन-साडेतीन अँपिअर तिच्या खिजगणतीत नाहीत. फ्यूज शाबूत, मोटर भाजतेय. व्हार्निशचा वास नाकात शिरेपर्यंत वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, गेलेलं असतं.

फोरमन काय करेल? मोटर रिवाइंडिंगला पाठवेल, आली की बसवेल. सैल किटकॅट तसाच राहिला तर तीच मोटर पुन्हा त्याच दुकानात. फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी असतो, मोटर वाचवायची ती ओव्हरलोड रिलेनं, म्हणजे करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की मोटर बंद करणाऱ्या स्टार्टरमधल्या भागानं. तीही रिलेचं सेटिंग मोटरीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावलेलं असेल तरच. 'सारखी ट्रिप होते' म्हणून रिलेचा नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवलेले स्टार्टर या गावात मी ढिगानं पाहिलेत.

पुढच्या वेळी मोटर जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडं तूच घेऊन जा आणि कॉइल कापण्याआधी आत डोकाव. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेल्या) मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या जशाच्या तशा असतील, तर फेज गेला होता. डेल्टा (कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर एकाच फेजच्या कॉइल जळतात. सगळ्याच सारख्या काळ्या दिसल्या तर बेअरिंग जाम होतं का, लोड जास्त होता का ते शोध. डोळ्यांना हे कारखान्यात दिसेल, पण दोन का आणि एक का, 1.73 आला कुठून, याला फळाच लागतो.

मात्र तुझी एक तक्रार मला मान्य. नोट्स उतरवून घेणारा वर्ग हा वर्ग नव्हे. मी शिल्प निदेशक (आयटीआयत ट्रेड शिकवणारा) होतो तेव्हा आमचा वर्ग पत्र्याखाली, दुपारचा. सोलापूरच्या एप्रिलात ओहमच्या नियमावर पोरांचे डोळे मिटले तर त्यात गुन्हा कसला? पण टेबलावर जळकी मोटर ठेवली की सगळे पुढं सरकायचे. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली पोरं एकमेकांना तेलुगूत समजावायची. मला त्यातलं अर्धंच कळायचं, पण बोट बरोबर कॉइलवरून फिरतंय ना, मग भाषा कुठलीही असो. तुझे सर असं काही आणत नसतील तर तूच ने. आठवड्यातला एक बिघाड वहीत लिहायचा, सर्किट काढायचं आणि तास सुरू व्हायच्या आधी सरांपुढं ठेवायचं. बहुतेक शिक्षक अशा पोराची वाटच बघत असतात. जे बघत नाहीत, त्यांनाही उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : मुलगा दहावी झालाय, गणितात कच्चा आहे. वीजतंत्रीला घालावं की तारतंत्रीला (वायरमन)?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : मोटर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग यांत रस असेल तर वीजतंत्री. घरा-इमारतींचं वायरिंग आणि लाइनचं काम आवडत असेल तर तारतंत्री. गणिताची भीती घालून घेऊ नका. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक आणि वर्गमूळ आलं की पुष्कळ निभतं. घरीच एक परीक्षा घ्या. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर किती अँपिअर घेईल ते कागदावर काढायला सांगा; पावणेनऊच्या आसपास आलं पाहिजे. मग टीव्हीमागचं 6 अँपिअरचं सॉकेट दाखवून विचारा, गीझर इथं लावू का? 'नको' म्हणाला तर कुठल्याही ट्रेडला खुशाल घाला.