अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढायला आलेले जर्मन भाडोत्री सैनिक युद्ध संपल्यावर तिथेच का राहिले?

सगळे नाही राहिले, पण ब्रिटिशांनी आणलेल्या जवळपास 30,000 पैकी काही हजार तरी राहिले. मुळात भाडोत्री म्हणणंही जरा अन्यायच आहे, कारण भाडं मिळायचं ते हेसे-कासेलसारख्या जर्मन संस्थानांच्या सत्ताधीशांना, सैनिकांच्या हातात नुसता पगार आणि त्यातही बरेच जण जबरदस्तीने भरती केलेले.

अमेरिकन काँग्रेसने 1776 मध्येच ऑफर काढली की सैन्य सोडून या, 50 एकर जमीन घ्या, आणि ही जर्मन पत्रकं तंबाखूच्या पुड्यांमधून छावणीत पोचवली (डोकं बघा!). पण खरी जादू केली ती कैदेने. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या लढाईत 26 डिसेंबर 1776 ला 900 च्या आसपास हेसियन (म्हणजे हेसेचे सैनिक) पकडले गेले, त्यातल्या बऱ्याच जणांना पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे पाठवलं आणि तिकडे तर आधीपासूनच जर्मन शेतकरी, भाषा तीच, चर्च तेच, मग कैदी त्यांच्याच शेतावर मजुरीला जायला लागले.

1782 मध्ये तर सरळ सौदा होता, 80 डॉलर भरा आणि सुटा, पैसे नसतील तर जो मालक भरेल त्याच्याकडे तीन वर्षं राबायचं. गावी जमीन नाही काही नाही, मग परत कशाला जातोय माणूस?