झेन, झुंज आणि ज्युडोतला ‘डो’

प्रश्न असा: ‘कराटेच्या वर्गात सर सारखं “झेन राहा” म्हणतात. झेन म्हणजे शांत का? आणि ज्युडो-कराटेशी झेन, ताओ यांचा संबंध काय?’

झेन म्हणजे शांत नव्हे, तो ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ. हल्ली सोफ्यापासून साबणापर्यंत सगळंच झेन असतं, त्याला इलाज नाही. शब्द मुळात आपला: संस्कृत ध्यान, प्राकृत झाण, चिनी ‘छान-ना’, आखडून ‘छान’, जपानीत झेन. (मराठी ‘छान’शी याचा संबंध लावू नये. लावणारे भेटले आहेत.) तो पालीतून चीनला गेला असं सर्रास छापतात. पालीत ‘झान’ आहे म्हणून तो पालीचाच, हा कुठला न्याय? चीनमधले सुरुवातीचे बौद्ध अनुवाद मध्य आशियातून आलेल्या भिक्षूंनी केले. तिकडे चालायची ती गांधारी, म्हणजे वायव्येकडची प्राकृत.

पण खरी गंमत त्या ‘झ’त आहे. प्राकृतात ‘ध्य’चा झ होतो. संध्येची सांज, वंध्येची वांझ, मध्यातलं घर ते माजघर. आणि ‘युध्यते’चं? जुज्झइ, त्यावरून आपलं झुंजणं! ध्यान आणि युद्ध एकाच उच्चारनियमाने झ-कारात आले. झेन आणि मारामारीचं नातं शोधायला जपानला जायची गरजच काय? शिवाय जपानी उच्चारात महाप्राण, म्हणजे झ-मधला ह-कार, नाही. आपण ‘झेब्रा’ लिहितो त्या सवयीने ‘झेन’ लिहिलं आणि नकळत प्राकृतातला झ परत जागेवर आणून बसवला. कोशकार याला योगायोग म्हणतील. म्हणोत.

राहिला ताओ. तो तर नावातच आहे. ताओ म्हणजेच चिनी ‘दाओ’, अर्थ मार्ग; जपानीत ‘दो’. ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882मध्ये जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेच्या नावातला ‘जुत्सू’, म्हणजे कसब, काढून तिथे ‘दो’ घातला. कराटेतला ‘कारा’ आधी ‘चिनी’ या अर्थाच्या चिन्हाने लिहीत. 1930च्या दशकात कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी त्याजागी ‘रिकामा’ हे चिन्ह रूढ केलं. बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी हेच चिन्ह येतं. झेनचं म्हणाल, तर सतराव्या शतकात ताकुआन या झेन भिक्षूने याग्यू मुनेनोरी या तलवारबाजाला लिहिलं होतं की, मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर अडकलं की तुम्ही संपलात. तुमच्या सरांना बहुधा हेच म्हणायचं असावं.

आणि हो, कोरियन ‘तायक्वांदो’तला दो तोच. तो आपण नीट लिहितो, मग ‘ज्युडो’तच ड कशाला? ज्युदो लिहा.