सगळ्या चर्चच्या मंडळ्यांची एकत्र सहल काढतोयस? मग आधी हे वाच

पहिलं भांडण तारखेवरून होतं. रविवारी बाकी सगळ्यांची उपासना, शनिवारी ॲडव्हेंटिस्ट पंथाचा शब्बाथ, म्हणजे त्यांचा उपासनेचा दिवस. म्हणून सरळ २६ जानेवारी धर. हवा चांगली असते, फक्त झेंडावंदन उरकून निघा. वेरूळ ठरवत असशील तर वार बघ, मंगळवारी लेणी बंद असतात. आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात शक्यतो काढूच नको, कॅथलिक घरांचा अर्धा डबा अडतो.

मी म्हणेन, जालन्याजवळचं बेथेल घे. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव. बहुतेक पोरांना ते माहीतच नसतं. तिथल्या चर्चच्या पाळकांना आधी फोन कर, अचानक पन्नास माणसं दारात उभी करू नकोस.

प्रभूभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, सहलीत ठेवायचंच नाही. कॅथलिक आपल्या मिस्साबाहेर (म्हणजे त्यांच्या उपासनेबाहेर) ते घेत नाहीत, मग कोणीतरी अवघडून बाजूला उभं राहतं. बायबलमधलं वचन, प्रार्थना, भजनं पुरेत. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना म्हणतानाही शेवट वेगळा पडतो: ‘कारण राज्य, सामर्थ्य’ हा भाग कॅथलिक तिथेच जोडून म्हणत नाहीत. सुरू करायच्या आधीच सांगून टाक. ढोलक-झांज मात्र घेच. कीबोर्डवाल्याची गाडी नेहमी उशिरा येते.

बसमध्ये मंडळीवार बसवू नकोस. चिठ्ठ्या टाक. म्हाताऱ्या तेवढ्या पुढे, त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

पैसे आधी घे. ‘तिथं देतो की’ म्हणणारे सगळ्याच चर्चमध्ये सापडतात.