गाव, शाळा आणि गुरुजी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शाळेसाठी धडपडणारे शिक्षक, पालक आणि गावकारभारी यांच्याकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं जिल्हा परिषदेच्या लहान शाळांमधून आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी मिळून ४६ मुलं. तिसरी-चौथीतल्या निम्म्या मुलांना सलग वाचता येत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करू की वाचायला शिकवू? (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

आधी वाचन. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी परिसर अभ्यासाचा पाठ पूर्ण होणं आणि न होणं सारखंच असतं. पण ‘निम्म्या मुलांना येत नाही’ एवढ्या माहितीवर शिकवता येणार नाही. कोण कुठे अडलं आहे ते मुलागणिक कळायला हवं.

तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची एकट्याने वाचन चाचणी घ्या. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. मुलांना किती वाचता येतं हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५पासून वापरली जाणारी पद्धत सोपी आहे. मुलासमोर पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद ठेवायचा. तीनपर्यंत चुका झाल्या आणि वाचन सलग असलं, तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही, तर पाच सुटे शब्द. त्यांतले चार आले तर मूल शब्द पातळीवर. तेही नाही जमलं तर पाच अक्षरं, पुन्हा चारांची अट. अक्षरंही आली नाहीत तर मूल प्रारंभिक पातळीवर.

चाचणी फसते ती तीन कारणांनी. मजकूर पाठ्यपुस्तकातला असला की मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं आणि आपल्याला ते वाचन वाटतं. म्हणून मजकूर नवा, हाताने लिहिलेला घ्या. दुसरं, सगळ्या वर्गासमोर चाचणी घेतली की घाबरलेलं मूल गप्प बसतं, आणि मागच्या मुलांना ऐकून ऐकून उत्तरं पाठ होतात. व्हरांड्यात किंवा झाडाखाली, इतरांच्या कानांपासून दूर बसा. तिसरं कारण आपणच. मूल अडखळलं की ओठांवर शब्द येतो आणि आपण तो पुरवतो. चाचणीपुरतं थांबायला शिका.

आता इयत्ता बाजूला ठेवा. तिसरी ते पाचवीची मुलं रोज दीड तास पातळीप्रमाणे बसवा : प्रारंभिक आणि अक्षर एका गटात, शब्दवाली दुसऱ्यात, परिच्छेद आणि गोष्टवाली तिसऱ्यात. तेवढा वेळ दुसरे शिक्षक पहिली-दुसरी सांभाळतील. तुमचा जास्त वेळ पहिल्या गटाला द्या. गोष्टवाल्यांना पुस्तक आणि दोन प्रश्न देऊन वीस मिनिटं स्वतंत्र बसवता येतं, अक्षरवाल्यांना येत नाही.

मराठीत मुलं सर्वांत जास्त अडतात ती काना, मात्रा, वेलांटी, उकारांपाशी. ‘घर’, ‘मगर’ वाचणारं मूल ‘पाणी’, ‘कुलूप’, ‘पैसा’ आलं की थांबतं. त्यांना मुळाक्षरं पुन्हा पुन्हा गिरवायला लावून काही साधत नाही. भिंतीवर मोठा बाराखडीचा तक्ता लावा आणि रोज पाच-सात मिनिटं आडवा, उभा, मध्येच बोट ठेवून वाचून घ्या. मग त्यातलीच दोन-तीन अक्षरं जोडून शब्द तयार करायला सांगा. मुलांनी केलेला शब्द वहीत आणि फळ्यावर आलाच पाहिजे. त्याआधी रोज एक छोटी गोष्ट तुम्ही बोट फिरवत मोठ्याने वाचा, मग मुलांनी जोडीने वाचावी. जोडाक्षरं यानंतर, घाई नको.

महिन्याने चाचणी पुन्हा घ्या, पण एखादं मूल मध्येच पुढे सरकलं तर त्याच दिवशी गट बदला. गट कायमचे झाले की ही पद्धत मरते. मुलांना ‘अप्रगत’ म्हणणं आणि गटांना पहिला-दुसरा असे क्रमांक देणं दोन्ही टाळा, फुलाफळांची नावं द्या. आणि हजेरीकडे लक्ष असू द्या. खालच्या गटातलं मूल आठवड्यातून दोन दिवस घरी राहत असेल, तर वर्गातला कोणताही उपाय त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या घरी जावंच लागतं.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. आतापर्यंत फक्त सह्या केल्या. नेमकं काय करायचं असतं? (एक आई, सोलापूर जिल्हा)

ताई, सही करण्याआधी वाचणं हे पहिलं काम, आणि तुमचा तो अधिकार आहे. शिक्षण हक्क कायदा २००९मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम २१नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते, अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि महिन्यातून एक बैठक व्हायला हवी. कलम २२प्रमाणे शाळेचा विकास आराखडा करणं हेही समितीचंच काम.

बैठकीची वेळ बदलून घ्या. सकाळी अकराला बोलावलं तर रोजावर जाणाऱ्या आया येणार नाहीत आणि चार पुरुष बैठक उरकतील. संध्याकाळ ठेवा, किंवा बाजाराचा दिवस. विषय आधी कळवायला सांगा. प्रत्येक बैठकीत निदान तीन गोष्टी विचाराच : या महिन्यात कोणती मुलं सलग गैरहजर होती आणि त्यांच्या घरी कोण गेलं, वाचन आणि गणितात कोणती मुलं मागे आहेत, पैसा किती आला आणि कशावर गेला. इतिवृत्त तिथेच मोठ्याने वाचून घ्या. ठरावापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख नसेल तर तो ठराव होत नाही, नुसती इच्छा राहते. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून मगच सही करा.

पैशांबद्दल. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं. निकषानुसार ३०पर्यंत पटाला वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, त्यापुढे २५०पर्यंत ५० हजार रुपये. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. पासबुक पाहायला मागण्यात संशय घेण्यासारखं काही नाही. प्रामाणिक मुख्याध्यापकांना तर तो आधार वाटतो, कारण मग हिशेबाचा भार एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

पोषण आहारही बघा. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. म्हणजे ४० मुलं हजर असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. महिन्यातून दोनदा, आधी न सांगता, शिजवण्यापूर्वीचं वजन स्वतः पाहा. वाढण्याआधी चव घ्यायचीच असते, ती एखाद्या दिवशी तुम्ही घ्या. डाळ पातळ दिसली तर स्वयंपाकीण ताईंवर ओरडण्याआधी पुरवठा कधी आणि किती आला ते नोंदवहीत पाहा. चूक बऱ्याचदा वरच्या टप्प्यावर असते आणि बोलणी त्यांना बसतात.

प्रश्न : दिवाळीनंतर आमची निम्मी शाळा आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. मुलं थांबवायची कशी? (मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

दिवाळीनंतर विचार केला तर थांबत नाहीत. तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याआधीच घरात आलेली असते आणि कोयता, म्हणजे तोडणीला जाणारी जोडी, ठरलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरोघर जाऊन यादी करा : कोणत्या घरातून कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, मुकादमाचा फोन, आणि घरी मागे कोण राहणार. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आजी मागे राहणार असेल तर मूल राहू शकतं. म्हणून बोलणं आई-वडिलांइतकंच आजीशी करा. तिच्या अडचणी साध्या आणि खऱ्या असतात : दोन वेळचा स्वयंपाक झेपत नाही, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, वयात आलेल्या नातीची रात्रीची जबाबदारी कशी घ्यायची.

यासाठीच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मुलं आपल्या किंवा नातेवाइकाच्या घरीच झोपतात, दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून होतं आणि सकाळ-संध्याकाळचं या योजनेतून, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली. यादी जोडून प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत गेला पाहिजे. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईपर्यंत गाड्या भरून निघून गेलेल्या असतात. निधी येईपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी ग्रामपंचायत, किराणा दुकानदार आणि बचत गट यांच्याशी आधीच बोलून ठेवा. आजारपणासाठी आशाताईंचा फोन नंबर प्रत्येक आजीकडे लिहून द्या.

सर्वांत जास्त जोर लावा तो अकरा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी. फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि तिथल्या कोपीत (झोपडीत) स्वयंपाक करायला त्यांनाच नेलं जातं. धाकट्याची सोय झाल्याशिवाय मोठी थांबत नाही. म्हणून दोन्ही मुलांचा विचार एकत्र करा, अंगणवाडीताईंना सोबत घ्या.

जी मुलं जातीलच त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या. त्यावर इयत्ता आणि वाचनाची पातळी दोन्ही लिहा. पत्रकाचा फोटो आई-वडिलांच्या फोनमध्ये टाका, कारण कागद फडात टिकत नाही. कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचं असतं. तिथल्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः फोन केला तर काम नक्की होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५नुसार दाखला मिळायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. मुलं मार्च-एप्रिलमध्ये परतली की पहिल्या दोन दिवसांत वाचन चाचणी घ्या आणि उरलेलं सत्र फक्त भाषा आणि गणिताला द्या.

प्रश्न : मंडळाने शाळेसाठी ६० हजार वर्गणी जमवली आहे. मोठा टीव्ही घ्यावा की इमारत रंगवावी? (युवक मंडळ, सांगली जिल्हा)

आधी मुलींचं स्वच्छतागृह उघडून बघा. कडी आहे का, आत पाणी येतं का, रोज कोण धुतं? या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर पैसा तिथे. टाकी, आतपर्यंत पाइप, हात धुवायला मुलांच्या उंचीला नळांची ओळ, आणि वर्षभराच्या सफाईचे पैसे बाजूला. बांधलेली स्वच्छतागृहं बंद पडतात ती बहुतेक वेळा पाणी आणि सफाई यांची तजवीज नसल्यामुळे.

टीव्हीचं म्हणाल तर शाळेचं वीजबिल कोण भरतं ते आधी विचारा. थकबाकीमुळे वीज तुटली की टीव्ही कपाटात जातो. उरलेल्या पैशांत गोष्टींची पुस्तकं घ्या, पातळ, मोठ्या टायपातली, आणि ती कपाटात न ठेवता दोरीवर टांगा. पुस्तकं फाटू द्या, फाटतात म्हणजे वाचली जातात. वर्गणीच्या पावत्या क्रमांकित ठेवा आणि खर्चाचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावा. रंग सर्वांत शेवटी.

प्रश्न : पाड्यावरची मुलं घरी वारली बोलतात, वर्गात बोलतच नाहीत. (नवे शिक्षक, पालघर जिल्हा)

तुमच्याच जिल्ह्यात याचं उत्तर शोधलं गेलं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची, साहित्य म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले वापरायचे, ही त्यांची रीत होती.

मुलाचं गप्प राहणं म्हणजे मंद असणं, असा समज पहिल्या आठवड्यातच काढून टाका. त्याला तुमची भाषा येत नाही आणि तुम्हाला त्याची. पहिल्या दोन महिन्यांत वारलीतले शंभरेक शब्द मुलांकडूनच शिकून वहीत लिहा : नाती, शेती, झाडं, मासे, खेळ, ‘दुखतंय’, ‘भूक लागली’. पाड्यावरच्या आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. मुलाने सांगितलेली चार वाक्यं त्याच्याच भाषेत देवनागरीत तक्त्यावर लिहा आणि शेजारी मराठीत. तो तक्ता मूल वाचतं, कारण अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. घरचा शब्द वापरला म्हणून टोकू नका. टोकलेलं मूल पुन्हा तोंड उघडायला महिने घेतं.

प्रश्न : आमच्या गुरुजींनी शाळा उभी केली. आता बदली होणार. पुढे काय? (सरपंच, गडचिरोली जिल्हा)

बदलीचा आदेश येण्याआधी कामाची वाटणी करा. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाने एक पद्धत घालून दिली आहे. तिथे अभ्यासगट वेगळा बसतो, विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकारांना विचारतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेला जातो. मतदानाने हरलेला गट नंतर काम अडवतो, तो प्रश्नच तिथे उरत नाही.

तुम्हीही सात-आठ जणांचा शिक्षण अभ्यासगट करा, निम्म्या बायका हव्यात. दहावी झालेली कोणतीही आई अर्ध्या दिवसाच्या सरावाने वाचन चाचणी घेऊ शकते. तिने ती गुरुजींसोबत दोनदा घ्यावी, तिसऱ्यांदा एकटीने. गैरहजर मुलांच्या घरी जाणं, पुस्तकांची देवघेव, पोषण आहाराचं वजन, वीजबिलाची तारीख, अशा प्रत्येक कामापुढे गावातलं एकेक नाव लिहा. ज्या कामापुढे गुरुजींशिवाय कुणाचं नाव सुचत नाही, ते बदलीनंतर सर्वांत आधी बंद पडेल. उरलेल्या महिन्यांत तेच शिकून घ्या.

गुरुजींकडून एक फाइल तयार करून घ्या : प्रत्येक मुलाची वाचन आणि गणिताची पातळी, कोणत्या घरात काय अडचण आहे, कोणतं मूल औषधावर आहे, तालुक्याला कोणत्या कामासाठी कुणाला भेटायचं, आणि अर्धवट राहिलेले प्रस्ताव. नवे शिक्षक रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात अभ्यासगटाने त्यांना भेटून ती फाइल द्यावी आणि राहायला खोली बघून द्यावी. आधीचे गुरुजी कसे होते याच्या गोष्टी त्यांना ऐकवू नका. तुम्हाला काय हवं ते विचारा आणि पहिल्या महिन्याच्या बैठकीची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या.