शंभर मीटरले मांडी काहून खेचते?

प्रश्न : नमस्कार सर, मी दारव्हा तालुक्यातला, वय 21, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दोन महिन्यापासून रोज सकाळी आखरावर 100 मीटरच्या दहा-दहा फुल स्पीड मारतो तरी टायमिंग कमी होऊन नाही राहिलं, अन दोनदा उजवी मांडी मागून खेचली, साठ-सत्तर मीटरच्या पुढे गेलो की. गावात जिम नाही, यवतमाळले रोज जाणं परवडत नाही. दोस्त म्हणतात रनिंग अजून वाढव. काय करू?

उत्तर : दोस्तांचं ऐकू नको भाऊ. भरतीतल्या ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, 50 पैकी 15 मार्क या 100 मीटरचे आहेत हे खरं, पण शंकरपटाची, म्हणजे शर्यतीची बैलजोडी तरी कोणी रोज दहादा पळवते का? आधी खाऊ घालतात, चालवतात, अंग भरू देतात. तू डायरेक्ट दानीवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उभा राहिला.

मांडी तिथंच का खेचते ते समजून घे. फुल स्पीडमधे पाय पुढे जाऊन जमिनीला टेकायच्या जरा आधी गुडघा सरळ होत असतो अन मागचा स्नायू ताणलेला असतानाच त्याला ब्रेक मारायचा असतो, स्पीड जितकी जास्त तितका तो ब्रेक भारी, म्हणून तुले साठ-सत्तरच्या पुढेच झटका बसते. त्यात पाय जमिनीवर टिकतो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा अन तेवढ्यात वजनाच्या कितीतरी पट जोर लावायचा, ही ताकद नुसतं पळून येत नाही.

आधी मांडी पूर्ण बरी होऊ दे, चालताना दुखत असेल किंवा निळं पडलं असेल तर डॉक्टरला दाखव. मग सहा-आठ आठवडे असं कर. जिम नको, युरियाचं पोतं 45 किलोचं असते, त्यात सुरुवातीला पंधरा-वीस किलो माती भर, खांद्यावर घेऊन बैठका मार, ओट्यावर एकेक पायानं चढ-उतर कर. एका पायावर उभं राहून कमरेतून वाकायचं, पाठ सरळ. पायरीच्या काठावर एका पायानं टाचा उचल. अन सगळ्यात कामाचं म्हणजे गुडघ्याखाली बारदाना टाक, दोस्ताले घोटे दाबून धरायला लाव (तेवढं काम त्याले दे) अन शरीर एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुक, जाईल तिथवर, मग हातावर पड. पहिल्या आठवड्यात चार-पाचच्या दोन खेपा पुरे, दुसऱ्या दिवशी बसता येणार नाही इतकं दुखते, घाबरू नको. हे सगळं आठवड्यातून दोनदा, मधे दोन दिवस सोडून.

पळणं बंद करायचं नाही पण. कॅनलच्या पाळीच्या चढावर 20-30 मीटरच्या सहा धावा, आठवड्यातून दोनदा, चढावर पाय तितका लांब पडत नाही म्हणून मागच्या मांडीवर ताण कमी येते. दोन धावांमधे तीन मिनिटं पूर्ण आराम. पोट्ट्यांना इथंच घाई असते, दम लागला नाही तर मेहनत झालीच नाही असं वाटते, पण थकलेल्या पायानं स्पीड शिकता येत नाही. 1600 मीटरची प्रॅक्टिस वेगळ्या दिवशी, नाहीतर स्प्रिंटच्या नंतर, आधी कधीच नाही. चौथ्या आठवड्यापासून टाचा न टेकवता छोट्या उड्या सुरू कर, सपाटीवर 40, मग 60, आणि पूर्ण 100 शेवटी.

खाण्यात भिजवलेले चणे, अंडी, शेंगदाणे, वरण. भरतीच्या आधी कोणी इंजेक्शन दाखवलं तर त्या पोऱ्याची संगत सोड.