इंग्रजीतला 'थग' आणि आपला 'ठग' एकच का? मग अर्थ वेगळा कसा?

हो, शब्द एकच आहे. फक्त आपला ठग गोड बोलून फसवतो आणि इंग्रजीतला थग उघड दमदाटी, मारहाण करतो. मूळ संस्कृत 'स्थग' म्हणजे लबाड, आणि 'स्थग्' हा धातू झाकणे, लपवणे या अर्थाचा. वाटसरूंचा विश्वास मिळवून रुमालाने गळा आवळणाऱ्या, ठग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांविरुद्ध ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमनने १८३०च्या दशकात मोहीम चालवली, १८३६ मध्ये कंपनी सरकारने खास कायदा केला, आणि १८३९ मध्ये मेडोज टेलर या ब्रिटिश लेखकाच्या ठगांवरच्या कादंबरीमुळे हा शब्द ब्रिटिश वाचकांच्या तोंडी बसला. तिकडे पोचल्यावर त्यातला विश्वासघात गळून पडला, हिंसा तेवढी उरली. मग कुठलाही आडदांड गुंड 'थग' ठरू लागला. मराठीने नेमकं उलट केलं: 'ठकवणे', 'ठकास महाठक' यांत खून कुठेच नाही, निव्वळ लबाडी आहे. मला मराठीचा अर्थच मुळाशी जास्त प्रामाणिक वाटतो. एक मात्र सांभाळा: अमेरिकेत हा शब्द अनेकदा कृष्णवर्णीय तरुणांना हिणवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे तिथे तो सहज कुणाला लावू नका.